बेसमेंटमधल्या दातवाल्या बाई

दातवाल्या बाई घरात शिरल्या की आधी बोट फिरवायच्या. चहाच्या कपाच्या कडेवरून, टेबलाच्या कोपऱ्यावरून, खिडकीच्या चौकटीवरून. धूळ बघायला नव्हे हं, तशा खवचट नव्हत्या त्या. सवयच ती. सगळा जन्म इकडे कॅनडात, एडमंटनच्या लोकांचे दात भरण्यात गेला, त्यामुळे डोळ्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. एकदा माझ्या नव्याकोऱ्या कपावरून बोट फिरवून म्हणाल्या, "वहिनी, तडा गेलाय याला. केसाएवढा." मला काही दिसेना. पुढच्याच आठवड्यात कप उकलला. कप गेल्याचं मला काही वाटलं नाही. बाईंचं खरं ठरलं, ते लागलं.

बाई मूळच्या नागपूरच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक मॉन्ट्रियलला. मंडळाच्या गणपतीत आमच्या ह्यांची आणि त्यांची गाठ पडली आणि दोघं आरती सोडून रायफलीवर बोलत बसले. आमचे हे इंजिनियर. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, बागकाम करतात. ह्यांनी बंदूक घेतली. शिकार वगैरे नाही हो, घरातली माशीसुद्धा दार उघडून बाहेर घालवणारी माणसं आम्ही. रेंजवर जायचं आणि कागदावरचं गोल टार्गेट फोडायचं, बस्स. लायसन्स, कुलपाचं कपाट, सगळं रीतसर. बाईंनाही तोच नाद, यजमानांपासून लागलेला.

पुढे ह्यांना विकतची काडतुसं आवडेनाशी झाली. बेसमेंटमध्ये बेंच मांडला आणि घरीच भरायला लागले. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडात नवी टोपी दाबून बसवायची, आत पावडर, तोंडाशी गोळी. टोपीला प्रायमर म्हणतात. बंदुकीची पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि बार उडतो. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई, पण एवढं मलाही येतं. कारण दर शनिवारी बाई बूट काढून खाली उतरायच्या आणि मी स्वयंपाकघरात, खालून गरम हवा येते त्या हीटिंगच्या जाळीला कान लावून उभी असायची.

काय ऐकू यायचं म्हणता? हसणं. आणि आमच्या ह्यांचा आवाज, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" अहो, लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नाही. पडद्यांच्या रंगाबद्दलसुद्धा नाही. मला मिळायचं ते "हं". म्हणजे हो, नाही, आणि ऐकलं नाही, सगळं त्यातच.

मग मी चिवड्याची बशी घेऊन खाली जायची. बाई लगेच, "वहिनी, इथं नको. शिसं असतं बेंचवर. आम्ही हात धुऊन वर येतो नं." आम्ही! माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याला धरून "आम्ही"! बशी घेऊन मी पायऱ्या चढायची. हे मात्र बाईंची पाठ वळली की मागून येऊन मूठभर चिवडा तोंडात टाकून जायचे. तेवढंच माझं.

बाईंचं एक बोलणं होतं. रेंजवर चाप ओढला आणि नुसतंच टिक् वाजलं, की लोक लगेच बंदूक उघडायला जातात. बाई आडवा हात करायच्या. "थांबा भाऊ. उडालं नाही म्हणजे मेलं असं नसतं. नळी समोरच ठेवा अन् थांबा." कधीकधी टोपी उशिरा पेटते, आणि तेव्हा बंदूक उघडलेली असली तर तोंडावर येतं सगळं. हे थांबायचे. मुकाट्याने. लग्नाला जाताना मी "थांबा, साडीला पिन लावते" म्हटलं तर गाडी सुरू करून हॉर्न वाजवणारे हे!

त्या हिवाळ्यात ते टिक् फार वाढलं. हे चिडचिडे झाले. आधी थंडीला दोष दिला, पिनेवरचं ग्रीस गोठतं म्हणून. ग्रीस पुसून काढलं, तरी टिक्. मग टोप्यांच्या पाकिटाला दोष दिला. आणि एका शनिवारी जाळीतून स्पष्ट ऐकलं, "हिचा चिवडा! तेलकट बोटं लागतात टोप्यांना, दुसरं काय!"

मी तडक खाली. "अहो, चिवडा खाता तुम्ही, बोटं पुसत नाही तुम्ही, आणि नाव माझं?"

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

बाई मध्ये पडल्या. "वहिनींच्या चिवड्याला बोलायचं काम नाही. तेल लागून एखादी टोपी बिघडेलही, पण बिघडली की बिघडली. तुमची तर तीच काडतुसं दुसऱ्यांदा मारली की उडून राहिलीत."

मग त्यांनी एकेक कारण खोडून काढलं. विकतची काडतुसं त्याच रायफलीतून धडाधड उडत होती, म्हणजे बंदूक ठीक. त्याच पाकिटातल्या टोप्या बाईंनी स्वतः बसवल्या होत्या, त्याही उडाल्या, म्हणजे टोप्या ठीक. ह्यांनी भरलेली काडतुसं त्यांनी उलटी उभी केली आणि बुडावरून बोट फिरवलं. एकावर थांबल्या. दुसऱ्यावर थांबल्या. टोपी बुडाशी सपाट हवी, किंचित आतच. ह्यांच्या टोप्या केसभर वर राहिलेल्या. पहिल्या ठोक्यात पिन टोपीला नुसती आत ढकलत होती. पेटत होती ती दुसऱ्या ठोक्याला.

"दाबायचं हत्यार झिजलं असेल," बाई म्हणाल्या. ह्यांचा चेहरा उजळला. हत्यार काय, नवं आणता येतं.

हात धुवायला म्हणून बाई वर आल्या. नळ सुरू ठेवून हळूच म्हणाल्या, "वहिनी, हत्यार चांगलं आहे. मी त्याच हत्याराने बसवते. भाऊंच्या शर्टाची बटणं कोण लावतं?"

काय सांगू! थंडी सुरू झाल्यापासून हे रोज सकाळी माझ्यापुढे येऊन उभे राहायचे. "लाव गं जरा." मी लावायची. एवढ्या वर्षांनी का होईना, लाडात आलेत म्हणायचं. कुणाला बोलले नव्हते, पण दिवसभर मला ते पुरायचं.

"त्यांच्या अंगठ्याला कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "बळही गेलंय. डॉक्टरांना दाखवा लवकर."

माझा नवरा, त्याचा अंगठा, आणि ते कळलं हिला! माझ्या संसारातला एवढासा एक लाड, तोही बाईंनी निदान करून नेला. मी नळ बंद केला आणि आभारसुद्धा मानले नाहीत.

रात्री ह्यांना सांगितलं तर हसण्यावारी नेलं. "डॉक्टरच म्हणाल्या तसं," म्हटल्यावर लगेच अपॉइंटमेंट घेतली. मनगटात नस दबली होती. ऑपरेशन झालं, बळ थोडं आलं, पण बोटांचं कळणं काही परतलं नाही. हे म्हणाले, "ज्याला हाताखालचं कळत नाही त्याने दारूगोळा भरू नये. बेंच काढून टाकतो." आणि टीव्हीपुढे जाऊन बसले. किती दिवस तसेच. मला बाई नको होत्या हो, पण खालचं हसणं नको होतं असं नाही. ते थांबलं आणि घर खायला उठलं.

तोवर बाईंचंही मॉन्ट्रियलला लेकीकडे जायचं ठरलं होतं. त्या आल्या आणि म्हणाल्या, "बेंच काढता कायला? वहिनी आहेत नं."

"ही?" हे म्हणाले.

त्या "ही"वरच मी चष्मा चढवला. बाईंनी मला शेजारी बसवलं. एक टोपी, एक पुंगळी. दाबताना आधी अडतं, मग सरकतं, मग तळ लागतो. "तळ लागला की बोट सांगते. ते सांगेपर्यंत सोडायचं नाही, अन् सांगितल्यावर दाबायचं नाही." आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवायचं, खात्री करायची. माझं बोट फिरलं की मागून त्यांचं फिरायचं. एकदा माझी टोपी वर राहिली, तर हळूच पुंगळी बाजूला काढली. ह्यांना कळू दिलं नाही. रागावायला जागा ठेवायची नाही ही बाई.

बाई निघाल्या तेव्हा विमानतळावर ह्यांचे डोळे भरले. मी बघितलं. माझे भरले होते ते कुणी बघितलं नाही.

बर्फ वितळल्यावर आम्ही दोघं रेंजवर गेलो. पावडर ह्यांनी मोजलेली, टोप्या सगळ्या मी बसवलेल्या. मी मागे बाकावर, कानांवर आवाज अडवणारे मफ. आता टिक् वाजलं असतं तर बेंच निघालाच असता, आणि त्याबरोबर माझी खालची खुर्चीही. एक उडालं. दुसरं उडालं. सगळीच उडाली. हे पोरासारखे हसत पार्किंगमध्ये आले. वाटलं, आता बोलतील. तर खिशातून फोन काढला. "डॉक्टर! एकही नाही हो, एकही टिक् नाही!"

स्पीकरवरून बाईंचा आवाज आला, "मला काय सांगून राहिले? बसवणाऱ्या शेजारी उभ्या असतील, त्यांना सांगा नं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात केल्या. मग म्हणाले, "चांगल्या बसवल्यास. पुढच्या वेळी जरा जड गोळी घालून बघावं म्हणतोय. तुला काय वाटतं?"

आयुष्यभर वाट बघितली त्या प्रश्नाची. मिळाला, तोही बाईंच्या सांगण्यावरून. काय करावं सांगा या बाईचं! मी फोन ह्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "बाई, घालावी का हो जड गोळी?"