रिकाम्या बाटलीतलं वासरू

...तर अध्यक्षांनी ती नळी दिव्यासमोर धरली आणि मला म्हणाले, “आजोबा, तळाशी काय दिसतंय?”

“मला कप्पाळ दिसतंय!”

“बरोब्बर! इतकं बारीक आहे की तुम्हाला दिसायचंच नाही.” म्हणजे माझ्या न दिसण्यातही पराक्रम त्यांचाच.

अध्यक्ष म्हणजे माझा नातजावई. हे नाव मीच पाडलं, कारण नुसतं मीठ मागायचं तरी हा गडी आधी घसा खाकरतो. तो आणि माझी नात एकाच प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करतात. तिचे हात चालतात, त्याचं तोंड.

ही कॅन्सरची पेशी म्हणजे मोठी लबाड जात. अंगातल्या पहारेकरी पेशी मारायला आल्या की ही समोर उभी राहून लढेल तर शपथ! आपल्याच कातडीच्या इवल्याशा पुरचुंड्या बांधते, आत निरोप भरते आणि देते सोडून. पहारेकरी त्या गिळतात आणि थंड पडतात. भ्याड कुठली! मला तर हे इतकं आवडलं की नातीकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

अध्यक्षांचं म्हणणं, त्या पुरचुंड्या आपण पकडल्या. कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, वरचं पाणी यंत्रात गरगर फिरवायचं आणि तळाचा गाळ पहारेकऱ्यांना चारायचा. पहारेकरी खरंच गप्प झाले. झालं! सोमवारी मोठी सभा, अध्यक्षांचं भाषण, कामावर त्यांच्या नावाखाली नातीचंही नाव, आणि मला पहिल्या रांगेत खुर्ची. आरशासमोर हातवारे सुरू झाले.

नात म्हणाली, “अरे, एक बाटली पेशींशिवाय करून बघू. नुसतं खाद्य.”

“रिकाम्या बाटलीत कोण निरोप देणार, तुझी मावशी?” म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

तिनं गुपचूप केलीच. पेशींच्या खाद्यात वासराच्या रक्तातलं पिवळं पाणी असतं, आणि त्यात वासराच्या स्वतःच्या पुरचुंड्या असतात. त्या आधी काढून टाकायच्या, ही तिथली पहिली शिकवण. अध्यक्षांनी ती पायरी खाल्ली होती. का, तर वेळ जातो!

शनिवारी जेवताना नात म्हणाली, “कॅन्सरची एकही पेशी नव्हती, तरी पहारेकरी तितकेच गप्प झाले.”

“म्हणजे कॅन्सरचं गुपित म्हणून हे महाराज वासराचं हंबरणं ऐकत होते?” मला हसता हसता ठसका लागला.

नात हसली नाही. “माझंही नाव आहे त्यावर. उद्या यावर कुणी औषध बेतलं तर?”

“कुणाला कळणार आहे?” अध्यक्ष ताटात बघत पुटपुटले. एवढी मोठी छाती, आणि आत हे एवढंसं!

“मला कळलंय. सोमवारी खरं सांगणार आहेस, की मी उठून सांगू?”

अध्यक्षांनी चमचा खाली ठेवला. मग घसा खाकरला गेला.

“सांगतो. पण आजोबा पहिल्या रांगेत नकोत. ते हंबरतील.”