फिरायला गेलो, चहा पिऊन आलो

शेवगावातल्या आमच्या केंद्रात किश्शांचं अगदी वजनासारखं आहे. कधी वाढले कळत नाही, आणि कमी तर होतच नाहीत! मानसिक आजारावर वर्षानुवर्षं गोळ्या घेणारी माणसं इथे दिवसभर असतात. गोळ्यांनी डोकं शांत होतं, पण भूक खवळते, मग वजन आणि साखर चढते. ती उतरवायचं काम माझ्याकडे. मला स्वतःला बाळंतपणाआधीची जीन्स अजून होत नाही, ते सोडा.

*

पहिल्याच दिवशी वजनकाटा मांडला. कुसुमताईंनी चपला काढल्या, बांगड्या काढल्या, कमरेचा बटवा माझ्या हातात दिला. काटा तरी ऐकेना. त्या शांतपणे म्हणाल्या, "लिहा. पर त्यातलं निम्मं गोळ्यांचं हाय. ते डॉक्टरीणबाईंच्या नावावर टाका!"

*

खरी काळजी अंबादासभाऊंची. डॉक्टर मॅडमनी बजावलेलं, "पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर रोज इन्शुलिन." भाऊ सुईला भयंकर घाबरतात. तपासणीची एक सुई कुसुमताईंचा हात आवळून, डोळे मिटून कशीबशी सोसतात. रोजची म्हटल्यावर म्हणाले, "मंग मी येतच न्हाई."

ही नुसती धमकी नव्हती. मागे एकदा सुईवरूनच रुसून गेले, ते उन्हाळाभर फिरकले नाहीत. गोळ्याही सुटल्या आणि फार वाईट दिवस काढले. त्यामुळे साखर त्यांची, झोप माझी उडालेली!

*

भाऊंच्या कानात आवाज येतात. गोळ्यांनी बरेचसे गेले, पण एखादा मुक्कामाला आहेच. एकदा लग्नाहून आले ते हसतच. "ताई, त्यो कानात सारखा म्हनत हुता, गुलाबजाम खा, गुलाबजाम खा."

मी घाबरून विचारलं, "मग?"

"मंग काय! म्हनलं, तूच खा लेका, तुला कुठं शुगर हाय!"

*

माझी लेक दीड वर्षाची. दिवसा सासूबाईंकडे असते आणि मी तासातासाला फोन करते. जेवली का, शिंकली का, शिंकली नाही तर का नाही शिंकली! एक दिवस कुसुमताईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "ताई, लाजू नका. आमी बी आधी लाजलो. डॉक्टरीणबाईंना दाखवा एकदा, आपल्या वळखीच्या हायेत!"

*

मग मी सगळ्यांचं सकाळचं फिरणं सुरू केलं. परक्या रस्त्यावर बुजतील म्हणून मुद्दाम ओळखीच्या गल्ल्यांतून. काय ती माझी हुशारी! दर ओट्यावरून हाक, "या, घोटभर घ्या!" दारातल्या चहाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही, आणि पाहुण्याला फिका चहा द्यायचीही नाही. महिनाअखेर काटा मांडला, तर सगळ्यांचं वजन वाढलेलं. माझंसुद्धा!

"आपण रस्ता बदलू," मी रडवेली.

"रस्ता कशापाई?" भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात कडुलिंबाची काडी ठेवली. तोंडात दातण असलेल्याला चहा कोण विचारणार? आमची वरात दात घासत गल्लीतून निघाली. एका ओट्यावरची आजी एवढंच म्हणाली, "समद्यांचं तोंड धुवायचं एकदमच राह्यलं व्हय रे?"

भाऊंनी नुसती मान डोलावली. पावसाळा संपेपर्यंत आम्ही असेच दात घासले.

*

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी भाऊ चपला घालूनच दारात उभे होते, निघायच्या तयारीत. मॅडम रिपोर्ट वाचत होत्या. मी घरी फोन करायचासुद्धा विसरले.

"अंबादासभाऊ, साखर उतरली! इन्शुलिन नको. गोळ्या आणि फिरणं मात्र सोडायचं नाही हं."

कुसुमताईंनी टाळी वाजवली. भाऊंनी चपला काढल्या. मॅडम इतक्या खूश, की दाराबाहेर डोकावून ओरडल्या, "अहो, चहा सांगा सगळ्यांना, माझ्याकडून!"

सगळ्यांचे हात खिशात गेले, बटव्यात गेले. आणि दुसऱ्या क्षणी प्रत्येकाच्या तोंडात काडी!

माझ्यासुद्धा.