हाराखालचा दोर

आमच्याकडे नवी गाडी आधी शेगावला जाते, मग बाकी जगात. माझी नवी कोरी गाडी मात्र खामगाव ओलांडून थोडी पुढे गेली आणि भर रस्त्यात बंद पडली. मी तिथूनच शोरूमवाल्यांचा उद्धार सुरू केला, पण बायको हटेना. "दर्शन झाल्याबिगर गाडी माघारी न्याची नाही." शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हाला शेगावपर्यंत ओढत नेलं. तिथे हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला आणि मी तो ऐटीत स्टेटसला ठेवला.

पुढे दुरुस्ती करून करून शोरूमवाले थकले, गाडी काही सुधरेना. दोष कारखान्यातलाच असेल तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात, असं कळल्यावर मी बुलढाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार ठोकली. तिथे कंपनीच्या वकिलाने माझाच फोटो पुढे केला. "गाडी शेगावपर्यंत उत्तम धावली, हा पुरावा!"

माझं डोकंच सणकलं. आयोगासमोर कसं बोलायचं तेही विसरलो. "साहेब, हाराखालचा दोर पाहा! ट्रॅक्टरले बांधेल गाडी धावून राह्यली म्हन्ते हा!" अध्यक्षांनाही हसू आवरेना.

तज्ज्ञाचा अहवालही आमच्याच बाजूने आला आणि बदलून मिळालेली गाडी दारात उभी राहिली. बायकोने तिला हळदकुंकू वाहिलं, "चला शेगावले" म्हणाली, आणि सगळ्यात आधी डिक्कीत दोर टाकला.