अण्णांनी सांगितलेला शेवट

वडील गेल्यावर दोन महिने आईने काहीच मागितलं नाही. मग एका सकाळी म्हणाली, "त्यो नदीकाठच्या गावाचा सिनेमा मिळतो का बघ की. पोरगं शिकायला जातंय आन् आई धक्क्यावर वाट बघती, त्यो. तुझ्या अण्णांनी सांगितलेला."

बघते म्हटलं आणि आठवडाभर टाळलं. आईला त्या सिनेमाचा जो शेवट माहीत होता, तो त्या सिनेमात नव्हता.

अण्णा इथल्या एका टॉकीजमध्ये बाल्कनीच्या दारावर असायचे. हातात बॅटरी, खांद्यावर पंचा. आई थिएटरात फारशी कधी गेली नाही. तिने सिनेमे ऐकले, तेही सकाळी. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ती भाकरी थापायची आणि अण्णा पाटावर बसून आदल्या दिवशी लागलेला सिनेमा सांगायचे. गाणी गाळून, मारामारी थोडक्यात. एवढ्यावर आईची मतं तयार व्हायची आणि ती कधी बदलायची नाहीत. एका गाजलेल्या नायकाबद्दल ती म्हणायची, "रडतोय म्हणं, आन् नाक कसं वाहत न्हाय त्याचं?" खलनायकांवर तिचा जीव होता, कारण ते निदान कामधंदा तरी करत. नायिका पावसात नाचते हे ऐकलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "लुगडं वाळत कोण घालतंय मग?" अण्णा हसायचे आणि पुढं सांगायचे.

अण्णांच्या सगळ्या सिनेमांच्या शेवटी कुणीतरी जेवायला बसायचं. लहानपणी मला वाटायचं, सिनेमा असाच संपतो.

नदीकाठचा तो सिनेमा माझ्या जन्माआधीचा. पण घरात तो इतक्यांदा सांगून झाला होता की मला पाठ होता. कॉलेजात असताना एका सभागृहात तो दाखवला, तेव्हा मी उत्साहाने गेले. मुलगा नावेतून उतरतो. धक्क्यावर कुणी नाही. शेजारीण त्याच्या हातात आईची काठी देते. तो पायरीवर बसतो आणि पडद्यावर 'समाप्त' येतं.

घरी येऊन मी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही सांगता ते मायलेकांचं जेवण त्यात कुठं आहे? शहाणपणाचा सूर असणारच माझा तेव्हा. अण्णा म्हणाले, "शेवटच्या रिळाला मी खाली दारं उघडायला असायचो. मला काय ठावं?" मग म्हणाले, "आईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. दारं उघडायचं ते कारण मात्र मी कितीतरी वर्षं खरं मानलं. मावशीने एकदा बोलता बोलता सांगितलं, की तो सिनेमा लागला त्याच महिन्यात आईचं पहिलं बाळ गेलं होतं. चार महिन्यांचा मुलगा. आई जेवत नव्हती, बोलत नव्हती. त्यानंतर मला उघड्या दाराशी उभे असलेले अण्णा दिसू लागले. रोज चार खेळ, आणि डोळे पुसत बाहेर पडणारी माणसं त्यांच्या अगदी जवळून जाणारी. त्यांना शेवट ठाऊक नसेल कसा?

रविवारी दुपारी मी सिनेमा टीव्हीवर लावला. शेवट जवळ आला की बंद करायचा आणि नेट गेलं म्हणायचं, असं ठरवून रिमोट मांडीवर ठेवला होता. आई पाय पोटाशी घेऊन बसली. मध्येच म्हणाली, "ह्या बाईचं कपाळ लई मोठं हाय. अण्णा म्हणाले न्हवते." शेवटी नाव दिसली तशी ती पुढं सरकून बसली. ते सरकणं बघून माझ्याकडून बटण दाबलंच गेलं नाही.

मुलगा उतरला. शेजारीण आली. काठी. पायरी. समाप्त.

आई पडद्याकडे बघत राहिली. "फुडं लाव की."

"संपला, आई."

"कापलाय ह्यांनी," ती म्हणाली. "जाहिराती घालायला शेवट कापत्यात हे लोक. ती काठी विसरून घरी गेलीया सैपाक करायला. त्यो घरी जातोय की." मग माझ्याकडे वळली. "तू बघितलाईस न्हवं सगळा? कॉलेजात?"

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. कुठल्या पुस्तकाची किती पानं गहाळ आहेत, हे लिहून ठेवणं माझं काम होतं.

"बघितलाय," मी म्हटलं.

"मग? काय वाढती ती त्याला?"

पाटावर बसलेले अण्णा आठवून आठवून मी सांगितलं, "झुणका, भाकरी. झुणक्यावर कच्च्या तेलाची धार. आणि कांदा."

"चिरलेला?"

"न्हाय. बुक्कीनं फोडलेला."

"व्हय," आई म्हणाली. "त्यांना चिरलेला चालायचा न्हाय."

ती सिनेमातल्या मुलाबद्दल बोलत नव्हती. थोड्या वेळाने ती उठून आत गेली आणि पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. दुपारचे चार वाजले होते. आमची जेवणं झालेली होती. ती हाक मारेपर्यंत मी तशीच बसून राहिले, आणि मग आत जाऊन जेवायला बसले.