आबाचं काम कुणी करायचं

"तू फार खरी वाटतेस," सर म्हणाले. "इतकं खरं रंगमंचावर चालत नाही. आबाचं काम ओंकार करेल. तू त्याला शिकव."

तालमीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे गोल करून जमिनीवर बसलो होतो. ओंकार पुण्याचा. उंच, गोरा, आवाज भरदार. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे बघून तो ओशाळं हसला आणि मान खाली घातली.

मी म्हणाले, "सर, पण हे मी बसवलंय. माझ्या आज्याची गोष्ट आहे."

"म्हणूनच नको. तुझ्यात राग आहे, अंतर नाही. कलावंताला अंतर लागतं."

अंतर! माझा आजा जन्मभर दुसऱ्यांच्या उंबऱ्यापासून अंतर राखून उभा राहिला. आणि त्याच्या नातीला हा माणूस अंतर शिकवत होता. हे तेव्हा सुचलं नाही.

मुलीनं पुरुषाचं काम करायचं नाही असा तिथं काही नियम नव्हता. मागच्याच नाटकात एका मुलीनं राजा केला होता आणि सरांनी तिची पाठ थोपटली होती. तरी मी विचारलं, मग मी काय करू?

"वाड्यातली मोलकरीण आहे ना. झाडू मारण्याची एक छान एंट्री आहे. तुझा चेहरा अगदी फिट बसतो."

दोघंतिघं हसले. सरही हसले. त्यांना वाटलं, आपण कौतुकच केलं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. खुटबावला आमच्या वस्तीच्या गळ्यात जी गावकामं होती, त्यातलं एक म्हणजे मरणाचा निरोप पोचवायचा. बागायतदाराच्या घरात माणूस गेलं की आबाला बोलावणं यायचं. आबा चालत निघायचा. कासुर्डी, यवत, भीमेच्या पलीकडं थेट शिरूरची बाजू. त्या घरच्या लेकी जिथं दिल्या असतील तिथं. पोचला की अंगणाच्या कडेला थांबायचा. काठी जमिनीवर आडवी ठेवायचा, डोक्याचा पटका काढून काखेत धरायचा. हाक मारायची नाही, ओरडायचं नाही. उघड्या डोक्याचा आबा दिसला की घरातल्या बाईला कळायचं, माहेरचं कुणीतरी गेलं. पण कोण गेलं ते एकट्या आबाला ठाऊक. तेवढा वेळ अख्खं घर त्याच्या तोंडाकडं बघत उभं असायचं.

आबा मला सांगायचा, "तेवढ्यापुरता मी ताठ आसायचो, पोरी. मरणाची बातमी वाकून सांगत नसत्यात."

धम्म घेतल्यावर काही वर्षांनी त्यानं हे काम सोडलं. कसं सोडलं ते आमच्या वस्तीतल्या पोराबाळांना पाठ आहे. गावातल्या मोठ्या घरची म्हातारी गेली. आबा तिच्या लेकीकडं कासुर्डीला गेला. सोबत माझे वडील होते, आप्पा, तेव्हा सहासात वर्षांचे. निरोप सांगून झाला. घरातून कुणीतरी शिळी भाकरी आणली आणि लांबूनच पुढं केली. आबानं हात पुढं केला नाही. म्हणाला, "ह्यो शेवटचा निरोप. हितनं फुडं तुमचं मरण तुमचं तुम्ही सांगा." आणि आप्पांचं बोट धरून माघारी फिरला. ते साल गावात कुणी त्याला कामाला लावलं नाही. घरात चूल कशी पेटली ते आजीलाच माहीत.

हे मी पहिल्यांदा वस्तीतल्या विहारापुढं केलं, चौदा एप्रिलला. दहावीत असेन. अंगावर आबाचाच सदरा. शेवटचं वाक्य मी म्हटलं आणि म्हाताऱ्या बायका पदरात तोंड घालून रडल्या. आप्पा मागं खांबाला टेकून उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, "असाच उभा व्हता बग. अगदी असाच." त्या रात्री मी ठरवलं, आपण हेच शिकायचं.

बारावीनंतर आप्पांच्या मनात माझं डी.एड. होतं. ते रेल्वेत गँगमन, दौंडच्या लाइनवर. पोरगी मास्तरीण झाली की त्यांच्या डोक्याचा घोर गेला असता. मी मात्र नाटकाचं हुडकत होते. मोठ्या विद्यापीठात आधी पदवी मागत होते. मग एका बाईंनी सांगितलं, पुण्याच्या अलीकडं, हायवेपासून आत, एक छोटं खाजगी विद्यापीठ आहे. तिथं बारावीवर नाट्यशिक्षण देतात आणि मुलींचं वसतिगृहही आहे.

मी आणि आप्पा बघायला गेलो. तीन इमारती आणि एक नाट्यगृह, बस. नाट्यगृहाचं दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. मी पायऱ्या चढून रंगमंचावर गेले. लाकडी फळ्यांवर माझ्या पावलांचा आवाज झाला आणि कुणी विचारलं नाही, कोण गं तू, कुणाची? तेवढ्यावर मी ती जागा निवडली. मला वाटलं, जागा लहान आहे, इथं प्रत्येक माणूस दिसेल. आप्पा खाली पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "बोल की कायतरी. ऐकू येतंय का बगू."

प्रवेशाच्या परीक्षेला मी आबाच केला. झाल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. "हे आपण मोठं करू," ते म्हणाले. तो शब्द मी उराशी धरून गावी आले.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पारावर एका बड्या शेतकऱ्यानं आप्पांना गाठलं. "नाटकच शिकवायचं तर चौफुला जवळ हाय की, गँगमन. लावणीची कलाकेंद्रं काय थोडी हायेत? पुन्याला कशापायी धाडतोस?" बाकीचे खदाखदा हसले. आप्पांनी हे घरी सांगितलं नाही, आईनं दुसरीकडून ऐकलं आणि रडली. आप्पा जेवले, हात धुतले आणि मला म्हणाले, "तू निवडलंस न्हवं? मग जायाचं. नीट शिक. एक दिस म्होरं बसून बगनार मी."

त्यांनी एवढंच मागितलं होतं.

आबाच्या नाटकाचा पहिला प्रयोग शिरूरला ठरला, मार्केट यार्डाजवळच्या एका कार्यालयात, दुपारी. मी आप्पांना निरोप धाडला. आबाचं काम दुसऱ्याला दिलंय हे सांगायला जीभ उचलली नाही. आप्पा रजा टाकून आले. एसटीनं, न्हावऱ्यावरून. पांढरे कपडे, परीटघडीची टोपी. दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. बॅजवाला एक पोरगा आला, म्हणाला, "बाबा, ह्या खुर्च्या पाव्हण्यांच्या हायेत." आप्पा उठले आणि मागं दाराजवळ बसले. मी विंगेतून बघत होते. हातात झाडू होता.

ओंकार आला. मी शिकवलेलं तो मन लावून शिकला होता. काठी, पटका, सगळं. पण सरांनी त्याला कमरेत वाकवलं होतं. हात जोडलेले, एक पाय ओढत. "लाचारी दिसली पाहिजे," असं सर तालमीत दहादा म्हणायचे. मी एकदाच म्हणाले होते, आबा वाकत नव्हता. "प्रेक्षकाला पटणार नाही," असं उत्तर आलं.

तर ओंकार अंगणाच्या कडेला येतो, खोकतो. आतल्या बाईचं लक्ष नसतं. पुन्हा खोकतो. एक पाऊल पुढं टाकतो, घाबरून मागं येतो. मी त्याच्या पायाजवळून झाडू मारत जाते, तो उडी मारतो. लोक हसायला लागले. दर उडीला जास्त. शिरूरचे व्यापारी, बागायतदार, त्यांच्या बायका, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. दारं उघडी होती, उजेड होता, मला आप्पा स्वच्छ दिसत होते. ते हसणाऱ्या लोकांकडं बघत होते. एकेका तोंडाकडं.

शेवटी भाकरी आली. ओंकारनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मंचावरचे दिवे मंदावले. टाळ्या.

शेवटचं वाक्य नव्हतंच. सरांनी ते दुसऱ्या तालमीलाच काढून टाकलं होतं. प्रचारकी वाटतं म्हणून.

मग आम्हाला ओळीत उभं केलं. प्रमुख पाहुणे तालुक्यातलं बडं प्रस्थ. सरांनी मला दंडाला धरून पुढं केलं, "हिच्याच आजोबांची गोष्ट बरं का." पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, हातात नारळ दिला आणि माइकमध्ये म्हणाले, "तुझा आजा लई इमानी गडी. आशी मानसं व्हती म्हणून गाव व्हतं. आता कुठं ऱ्हायलीत?"

पुन्हा टाळ्या. सर कानाशी कुजबुजले, पाया पड.

मी नारळ खाली ठेवला. माइक त्यांच्या हातातून घेतला, हिसकावलाच म्हणा.

"माझा आजा इमानी नव्हता. तो वाकत नव्हता आन् त्यानं भाकरी घेतली न्हाई. तो म्हणाला, ह्यो शेवटचा निरोप. हितनं फुडं तुमचं मरण तुमचं तुम्ही सांगा."

सरांनी माइक काढून घेतला, "मुलगी जरा भावनेच्या भरात," असं काहीतरी म्हणाले. मी दाराकडं बघितलं. आप्पांची खुर्ची रिकामी होती.

कधी गेले? मोलकरणीच्याच लुगड्यात मी पळत सुटले. एसटी स्टँडवर दौंडच्या फलाटाला आप्पा बाकड्यावर बसले होते. टोपी हातात. मी शेजारी बसले.

"त्ये शेवटचं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"सरांनी काढलं."

"का?"

"प्रचारकी वाटतं म्हणून."

"म्हंजी?"

मी म्हणाले, "आप्पा, मी बोलले. आत्ता. समद्यांम्होरं माइकवर बोलले."

"मी न्हाई ऐकलं." त्यांचा आवाज फुटला. मी आप्पांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "मी संगं व्हतो पोरी त्याच्या. त्याचं बोट धरून उभा व्हतो. कुणी हसलं न्हवतं तवा. एक मानूस हसलं न्हवतं. आन् आज माझ्या बापाला हसली लोकं. तू मधी झाडीत व्हतीस."

मग ते म्हणाले, "चल घरी. पुरं झालं. डी.एड.ला नाव घालू."

दौंडची गाडी लागली. जावं असं फार वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून खुटबाव येईपर्यंत रडावं असं वाटलं. मी म्हणाले, "मी येत न्हाई, आप्पा."

"आजून हसवून घ्यायचंय?"

ते गाडीत चढले, पलीकडच्या खिडकीशी बसले. गाडी हलली तरी त्यांनी मान वळवली नाही.

सोमवारी पुण्याच्या प्रयोगाची तालीम होती. ओंकार यायच्या आधीच मी आबाच्या जागेवर जाऊन उभी राहिले. सर म्हणाले, "बाजूला हो." मी झाले नाही. "माफी माग, मग बघू," ते म्हणाले. मी म्हणाले, "आबाचं काम मी करीन, शेवटच्या वाक्यासकट. नाहीतर कुणीच करायचं नाही." ते संतापले. आम्ही तुला निवडलं, ते म्हणाले, तुझ्यासारख्यांना इथं कोण घेतं? मी उभीच. तालीम बंद झाली, दुसऱ्या दिवशीही झाली नाही. शेवटी ते नाटकच गेलं. आणि पदवी मिळेपर्यंत मलाही कुठलं काम मिळालं नाही. मी पडदे ओढले, दिवे लावले, दुसऱ्यांचे कपडे इस्त्री केले. वसतिगृहात माझ्या ताटाशेजारची जागा रिकामी राहायला लागली.

आप्पा पुन्हा कधी नाटकाला आले नाहीत. मी तिसऱ्या वर्षाला असताना ते वारले, दौंडच्या रेल्वेच्या दवाखान्यात. त्यांच्या पोरीनं रंगमंचावर केलेलं एकच काम त्यांनी बघितलं, झाडू मारण्याचं. याला काही भरपाई नाही. पुढं मी आबा शंभर वेळा केला तरी नाही. लोक समजूत घालतात, ते कुठूनतरी बघत असतील. ते बघत नाहीत. ते गेले.

लोक असंही विचारतात, एवढं झाल्यावर तिथं राहिलीस कशाला? ती जागा मी दोनदा निवडली. पहिल्यांदा निवडली तेव्हा वाटलं होतं, ते मला मोठं करतील. दुसऱ्यांदा शिरूरच्या स्टँडवर निवडली, तेव्हा सगळं कळून चुकलं होतं. तरी निवडली, कारण दिवा कुठून मारला की माणूस ताठ दिसतो आणि कुठून मारला की वाकलेला, ही विद्या त्यांच्याकडं होती आणि आमच्याकडं नव्हती. ती मी घेतली. त्यांनी दिली नाही, मी घेतली. आज माझ्याकडं शिकायला वस्त्यावस्त्यांतल्या पोरी येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, आपल्या मेलेल्या माणसांची कामं आपण करायची. वाकवून करायला मागणारा सर असो, पाहुणा असो की पैसेवाला, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. मग नाटक बंद पडलं तर पडू दे.