पंचाहत्तरीच्या पुस्तकातला हात

सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि त्या थंडीत त्या आमच्याकडे दोह्यात होत्या. नाशिकला मोठा कार्यक्रम करायचा विचार नणंदेने आधीच सोडून दिला होता. मग मी ठरवलं की आपण एक पुस्तक करू. जाड कागदाची पानं, त्यावर जुने फोटो, खाली दोन ओळी. एकेका पानावर एकेक नातं: आई आणि तिची बहीण, आई आणि बाबा, आई आणि नात. मला हा छंद इथेच लागला. बिन महमूद भागातल्या एका मैत्रिणीकडे आम्ही चारपाच जणी शुक्रवारी सकाळी कात्र्या आणि रंगीत टेप घेऊन बसायचो.

नणंदेकडून मी फोटो मागवले. मी त्यांना ताई म्हणते, नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांनी मोबाइलवर काढून पाठवले. मी म्हटलं, मूळ फोटोच पाठवा, छपाई चांगली येत नाही. त्यावर त्यांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. शेवटी नवऱ्याच्या प्लांटवरचा एक सहकारी सुट्टीवरून परत येत होता, त्याच्याबरोबर पाकीट आलं.

शनिवारी सकाळी मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी जेवणाच्या टेबलावर सगळं पसरून बसलो. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती फोटोंना कागदाची चौकट लावत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "मम्मा, हूज हँड इज धिस?"

फोटोत माझा नवरा होता, तीनएक वर्षांचा, स्टुलावर उभा. एका बाजूला सासूबाई, दोन्ही हात समोर एकात एक गुंतवलेले. आणि नवऱ्याच्या दुसऱ्या खांद्यावर एक हात. बाईचा. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. हाताच्या पुढे फोटोच संपत होता. मुलगा मात्र त्या हाताकडेच झुकला होता.

मी एका बांधकाम कंपनीत ड्रॉइंगच्या फाइली सांभाळते. कुठल्या कागदात काय बदललं, जुनं कुठलं, नवं कुठलं, हे बघण्याचा पगार मला मिळतो. मी पट्टी आणली. बाकी फोटोंना चारही बाजूंनी पांढरी किनार होती. याला तीनच बाजूंनी. मग मी पाकिटातले सगळे फोटो पालथे घातले. असे नऊ निघाले. प्रत्येकाची एक बाजू सरळ, धारदार कात्रीने कापलेली.

नवरा बाल्कनीत झाडांना पाणी घालत होता. मी फोटो नेऊन दाखवला.

"हा हात कुणाचा?"

त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं. "असेल कुणी तरी. कडा खराब झाल्या असतील, कापल्या असतील."

"नऊ फोटोंच्या? एकाच बाजूच्या?"

"तुला ऑफिसचं काम घरी आणायची सवय आहे," तो म्हणाला आणि आधीच भिजलेल्या कुंडीत परत पाणी घालायला लागला.

दुपारी मी ताईंना व्हिडिओ कॉल केला. हाताचं विचारल्यावर त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला, मला नुसतं छत दिसायला लागलं. "अगं, फोटो चिकटवायला पाठवलेत," त्यांचा आवाज आला. "तपासायला नाही."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. तोपर्यंत मला नुसतं कुतूहल होतं.

संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि फोटो उलटा करून ठेवला. "हा नको लावूस."

"का, आई?"

"एवढे आहेत ना दुसरे? ते लाव."

मग माझं डोकं चालायला लागलं. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती. कडक माणूस. त्यांच्या आयुष्यात कुणी बाई असेल अशी कल्पना करणंही अवघड, पण मी ती केली. सासूबाई पूर्वी घरी शिवणकाम करायच्या. ती सरळ, एका झटक्यात मारलेली कात्री मला दुसऱ्या कुणाची वाटेना. त्या हसून मुलीला लाडू भरवत असल्या तरी मी त्यांच्या बोटांकडे बघायची. या बाईने कुणाला तरी कापून टाकलंय, असं मनात यायचं.

दोन दिवसांनी ऑफिसमधून आले तर फोटोंचं पाकीट जागेवरून हललेलं होतं. मी मोजले. हाताचा फोटो गेला होता. मुलीला विचारलं, तिने खांदे उडवले. घरात दुपारभर सासूबाई एकट्याच होत्या. सांगायला लाज वाटते, पण मी स्वयंपाकघरातली कचऱ्याची पिशवी सोडून बघितली. चहाचा चोथा, मेथीच्या काड्या, बाकी काही नाही. मी पिशवी परत बांधत असताना सासूबाई दारात उभ्या होत्या.

"काही हरवलं का?"

"झुमका," मी म्हणाले. माझ्या दोन्ही कानात झुमके होते. त्यांनी ते बघितले आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी नवरा मुलीला घेऊन दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला गेला, तिथल्या शेतावरची ताजी भाजी आणायला. मी घडी केलेले कपडे ठेवायला सासूबाईंच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं. त्या पलंगावर बसल्या होत्या. पासपोर्ट आणि गोळ्या ठेवायची त्यांची कापडी पिशवी उघडी होती आणि समोर चादरीवर तो फोटो होता. त्याच्या कापलेल्या कडेला त्या एक अरुंद पट्टी लावून बघत होत्या. पट्टीवर एक उंच, सावळी बाई होती. तिचा उजवा हात कोपरापाशी संपत होता आणि पुढचा फोटोत सुरू होत होता.

मी मागे वळायला हवं होतं. वळले नाही.

"दार लाव," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही तुझ्या नवऱ्याची आत्या."

त्याला आत्या आहे हेच मला माहीत नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

सासूबाईंनी सांगितलं ते असं. नवरा एक वर्षाचा असताना त्यांना क्षय झाला. त्यांना माहेरी ठेवलं, दीड वर्ष. पोराला जवळ देत नव्हते. सासऱ्यांची धाकटी बहीण शाळेत शिक्षिका होती, लग्न झालेलं नव्हतं. तिने पोराला सांभाळलं. सासूबाई बऱ्या होऊन परत आल्या तेव्हा पोरगं त्यांच्याकडे येईना. आत्यालाच आई म्हणायचं.

"मी हात पुढे केला की तिच्या मागे लपायचा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी ते बघितलं. ती बिचारी त्याला माझ्याकडे ढकलायची. म्हणून तर जास्तच राग यायचा."

मग आत्याने शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न केलं. जात वेगळी. सासऱ्यांनी घराचं दार बंद केलं आणि एका दुपारी शिवणाची कात्री आणि अल्बम घेऊन बसले.

"तुम्ही थांबवलं नाहीत?"

"मला बरं वाटलं होतं गं, ती गेली तेव्हा. त्यांनी कात्री मागितली, मीच खणातून काढून दिली." मग म्हणाल्या, "नंतर केरातून हे तुकडे मी उचलले. कशाला, ते विचारू नकोस."

मी नाही विचारलं. मी इतके दिवस त्यांच्यावर घेतलेला संशय पुरता खोटा नव्हता, पण खरा निघाल्याचं समाधानही नव्हतं.

"लाव हा फोटो," त्या म्हणाल्या. "जोडून लाव."

आम्ही दोघींनी ते पान केलं. मागून पातळ कागद लावून पट्टी जोडली. सांधा दिसत होता, मी त्यावर काही झाकलं नाही. खाली काय लिहायचं ते सुचेना. सासूबाई म्हणाल्या, "त्याची आत्या, एवढंच लिही."

नवरा पालकाच्या जुड्या घेऊन आत आला, टेबलावरचं पान बघितलं आणि तसाच उभा राहिला. मुलगी इथल्या अरबीत घाई करत म्हणाली, "यल्ला बाबा, बॅग्ज." त्याने पिशव्या खाली ठेवल्या. "मला आठवते ही," तो म्हणाला. "हिच्या पर्समध्ये खडूचे तुकडे असायचे." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. सतरा वर्षं मला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ताईंकडून नंबर घेतला. नंबर त्यांच्याकडे होताच, याचं मला आता आश्चर्य वाटलं नाही. आत्या संगमनेरला एकट्या राहत होत्या. स्पीकर लावलेला होता, सासूबाई शेजारी बसल्या होत्या. नवऱ्याने आपण कोण ते सांगितलं.

"बोल," आवाज आला. "सही हवीय का?"

"नाही, आत्या. सही कसली?"

"जागेची. तुझ्या बहिणीचा निरोप आला होता. चाळीस वर्षांनी माणसं उगाच फोन करत नाहीत."

नवऱ्याने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून बाल्कनीत गेला. माझ्या डोक्यात परत चक्र सुरू झालं. गेल्या महिन्यात तो ताईंशी दार लावून बोलत होता. ताईंनी मूळ फोटो शेवटी का पाठवले? मी पान केलं नसतं तर याने फोन केला असता का? की पान आयतंच मिळालं?

तो आत आल्यावर मी सरळ विचारलं.

"आजोबांची जागा आहे, वारस म्हणून तिची सही लागते," तो म्हणाला. "ताई म्हणत होती, तू बोल. मी नाही म्हणालो होतो."

"मग आज?"

"आज ते पान बघितलं म्हणून केला."

मला त्याचं म्हणणं पटलं, पण पुढचे कित्येक दिवस तो फोनवर बोलायला लागला की मी पाण्याचा नळ बंद करायची.

सासूबाईंनी मात्र स्वतःच नंबर लावला. सोमवारी दुपारी, खोलीचं दार लावून. पाऊण तास. मला बाहेर नुसती त्यांची कुजबुज ऐकू आली. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. चहा टाक म्हणाल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वाढदिवस घरातच केला. पुस्तक त्यांनी दोनदा पाहिलं. मार्चमध्ये परत गेल्या ते पुस्तक हातातल्या बॅगेत घेऊन, सामानात टाकू दिलं नाही. नाशिकला पोचल्यावर आठव्या दिवशी ताईंना न सांगता एसटीने संगमनेरला गेल्या. दोन दिवस राहिल्या. येताना पुस्तक तिथेच ठेवून आल्या.

ताईंचा फोन आला. "एवढं खपून केलंस, आणि आई ते तिला देऊन आली. तुला काही वाटत नाही?"

"आईंचं होतं," मी म्हणाले. "त्यांनी दिलं."

मग ताईंनी विचारलं, "सहीचं काही बोलली का ती आईशी?"

"ते तुम्ही आईंनाच विचारा," मी म्हणाले आणि मुलीच्या डब्याचं कारण सांगून फोन ठेवला.