तिसऱ्या ओळीची जागा

"आल्झो, पहिली ओळ दोनदा," खालच्या मजल्यावरच्या ओमा बोट वर करून सांगायच्या. आल्झो म्हणजे 'तर', आणि ओमा म्हणजे आजी. आमची मुलं म्हणायची, म्हणून मीही. "एकदा लोकांना ऐकू यावी म्हणून, दुसऱ्यांदा आपल्याला खरी वाटावी म्हणून. आणि तिसरीत काय झालं ते सांगून टाकायचं. ब्लूज म्हणजे एवढंच."

ही जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची गोष्ट, दोन हजार चारची. आमचे हे केमिकल कारखान्यात इंजिनिअर, आणि मी ख्यालाच्या चार परीक्षा दिलेली विदुषी! "आमच्याकडे एक ओळ तासभर गातात," मी ऐटीत म्हटलं.

"तासभर? मग गोष्ट कधी सांगता?"

आता मला नातवंडं झाली, तरी याचं उत्तर शोधतेच आहे.

ओमा तरुणपणी अमेरिकन सैनिकांच्या क्लबात ग्लास विसळायच्या. तिथल्याच एका काळ्या सैनिकाकडून गिटार आणि त्याच्या लोकांचं हे ब्लूजचं गाणं शिकल्या. त्याच्यापासून मुलगी झाली. त्याची बदली झाली, मुलगी घरच्यांनी अमेरिकेत दत्तक देऊन टाकली. ओमांचं स्वतःचं गाणं एकच. "लेकीला मी लाल टोपी घातली," दोनदा. मग नुसती गिटार. तिसरी ओळच नव्हती.

"अहो, शोधा ना तिला!" मी म्हणाले. मला तेव्हा प्रत्येक गोष्टीचा शेवट गोडच हवा असायचा. फॉर्म मीच भरले, इंग्रजी पत्र मीच लिहिलं, फुलाफुलांचा कागदही मीच निवडला. काय तो उत्साह!

आठ महिन्यांनी उत्तर आलं. ओमांना गाण्यातलं इंग्रजी यायचं, कागदावरचं नाही. त्यांनी लिपस्टिक लावली आणि पत्र माझ्या हातात दिलं.

"ती म्हणते, बरी आहे... सध्या जरा कामात आहे, पुढेमागे नक्की..."

"कागदावर दोनच ओळी आहेत," ओमा म्हणाल्या. "नटवू नकोस गं. साधं वाच."

मग वाचलं. मला आई आहे. पुन्हा लिहू नका.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात कॉफी ओतली. मला वाटलं, चला, आता निदान गाणं तरी पुरं होईल. बघा माझी अक्कल! त्यांनी गिटार तळघरात नेऊन ठेवली. पुढे खालून ऐकू यायचा तो फक्त रेडिओवरचा हवामानाचा अंदाज.

तीन वर्षांनी त्या गेल्या. घर रिकामं करायला आलेल्या माणसाने जिन्यात मला थांबवून विचारलं, "यांचं कळवायला कुणी आहे का?"

अमेरिकेतला तो पत्ता मला तोंडपाठ होता.

"नाही," मी म्हणाले.